मणिकरण की वशिष्ठ? जूनमध्ये आई-बाबांना घेऊन नागपूरहून गरम कुंडांची सहल

मनीषनगरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हिमाचलात गरम पाण्याच्या कुंडांवर जायचं ठरतंय. आम्ही पाच जण आहोत: बाबा ६६, आई ६२, आम्ही दोघं आणि ११ वर्षांचा मुलगा. बाबांना मधुमेह आणि बीपी आहे, दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालते, पायऱ्या मात्र नको म्हणते. मला आणि मुलाला थोडा डोंगर चढायचा आहे.

विचारायचं एवढंच की मुक्काम मणिकरण-कसोलला करावा की मनालीजवळच्या वशिष्ठला? खीरगंगा (मणिकरणच्या पुढे डोंगर चढून जायचं गरम कुंड) ११ वर्षांच्या मुलाला झेपेल का? बाबांनी कुंडात उतरावं का, आणि उतरले तर किती वेळ? जाऊन-येऊन किती दिवस हाताशी ठेवावेत? आणि नागपूरच्या जवळपास असं काही असेल तर तेही सांगा, म्हणजे घरच्यांसमोर दोन पर्याय ठेवता येतील.

---

देवदार_खालचा

मणिकरणबद्दल आधी एक गोष्ट समजून घ्या, बहुतेकांचा बेत तिथेच फसतो. मणिकरण हे गरम पाणी बघायचं ठिकाण आहे, निवांत डुंबायचं नाही. गाव साधारण १७६० मीटरवर आहे. त्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि झऱ्याचं पाणी जमिनीतून जवळपास तेवढंच गरम बाहेर पडतं. ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं आणि बर्फाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. गुरुद्वाऱ्यात आंघोळीसाठी बायका-पुरुषांची वेगळी कुंडं आहेत आणि त्यात गार पाणी मिसळून ते अंगाला सोसेल असं करतात. पण जूनमध्ये गर्दी इतकी असते की दहा मिनिटं शांत बसायला मिळालं तरी खूप झालं. गुरुद्वारा, शिवमंदिर, राममंदिर, लंगर, उकळत्या कुंडात शिजणारा भात, एवढं बघायला अर्धा दिवस पुरतो.

वशिष्ठ मनालीपासून तीनेक किलोमीटरवर आहे. पाणी गंधकाचं, मंदिराला लागूनच बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं कुंड. तिथे तुम्ही रोज सकाळी जाऊ शकता, आणि कुंडाचा खरा फायदा असा रोज थोडा थोडा घेतला तरच होतो. म्हणून माझं मत असं: पहिले तीन-चार दिवस पार्वती खोऱ्यात (मणिकरण, कसोल, खीरगंगा याच खोऱ्यात आहेत), शेवटचे दोन-तीन दिवस वशिष्ठला. उलटं करू नका. आधी चालणं, मग कुंड.

पार्वती खोऱ्यात मुक्काम मणिकरणपेक्षा कसोलला बरा पडतो. चार-पाच किलोमीटरचंच अंतर आहे आणि आईंना नदीकाठी देवदारांच्या सावलीत सपाट चालता येतं. कसोलहून झुलता पूल ओलांडून छलालला जाणारी पायवाट अर्ध्या-पाऊण तासाची आहे, चढ नावालाच. फक्त हॉटेल ठरवताना फोनवर दोन प्रश्न विचारा: रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, आणि गाडी दारापर्यंत येते का. डोंगरातल्या हॉटेलांचे फोटो दरीकडून काढलेले असतात, साठ पायऱ्या त्यात दिसत नाहीत. वशिष्ठलाही हेच विचारा, गाव उतारावर आहे.

आता पोहोचायचं कसं ते. नागपूर-दिल्ली मार्गावर गाड्यांची कमी नाही. तेलंगणा, तामिळनाडू, केरळ, दक्षिण, गोंडवाना यांपैकी जिचं मिळेल तिचं तिकीट काढा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, जूनच्या तारखांचं एप्रिलमध्येच बघावं लागेल. नवी दिल्ली स्टेशनला उतरलात तर मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर काश्मिरी गेट तिसरं स्थानक आहे आणि बस अड्डा त्याला लागूनच आहे. मनालीकडे जाणाऱ्या व्होल्वो संध्याकाळी सुटतात आणि पहाटे-सकाळी भुंतरला सोडतात. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा आणि गजर लावून झोपा, झोपेत कुल्लूपर्यंत जाणारे काही कमी नसतात. भुंतरहून मणिकरण ३५ किलोमीटर. रस्ता अरुंद आहे, शनिवार-रविवारी कसोलच्या बाजारात गाड्या तासन्‌तास अडकतात. म्हणून कसोलला शिरायचा आणि तिथून निघायचा दिवस सोमवार ते गुरुवार यातलाच ठेवा.

आई-बाबांना रात्रभर बसमध्ये बसवणं मला पटत नाही. पाय सुजतात, बाबांच्या जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा चुकतात. दिल्लीहून रेल्वेने चंडीगड, तिथे एक रात्र, आणि सकाळी सहाला टॅक्सीने निघून दुपारी कसोल, हा मार्ग थोडा महाग पण माणसासारखा आहे. किरतपूरपासूनचे बोगदे झाल्यावर जुना वळणावळणांचा बराच रस्ता वाचतो. तरी उलटीची गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची, वळणं सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. मुलाचं प्रमाण त्याच्या डॉक्टरांना विचारा.

रेल्वेने जाऊन-येऊन ११-१२ दिवस धरा. नागपूर-दिल्ली विमानाने केलं तर ९ दिवसांत बसतं. त्यात एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा. दरड, जाम, पोट बिघडणं यांतलं एक तरी होतंच.

तारखांबद्दल: आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून लोक २० जूननंतर जायचा मोह करतात. तेव्हा तिथे पावसाची सुरुवात होते. तुमचा पहिला पंधरवडा बरोबर आहे, पुढे ढकलू नका.

---

ओपीडी_संपल्यावर

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते, कारण कुंडावर लिहिलेल्या पाट्यांत हे काही नसतं.

उतरू शकतात, पण आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. गरम पाण्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि बीपी उतरतं. बीपीची गोळीही तेच करते. दोन्हींचा परिणाम एकदम झाला की माणूस पाण्यात छान असतो आणि उठून उभा राहताच डोळ्यांसमोर अंधारी येते. पडणारे बहुतेक पाण्यातून बाहेर येतानाच पडतात, आणि काठ दगडाचा, शेवाळलेला असतो. म्हणून बाहेर येताना आधी काठावर बसायचं, पाय पाण्यात ठेवून दोन मिनिटं थांबायचं, मग कुणाचा तरी हात धरून उठायचं. तुम्ही स्वतः त्यांच्यासोबत आत असा. तिथे बायका-पुरुषांची कुंडं वेगळी असल्यामुळे ऐनवेळी आईंना धावून येता येत नाही.

वेळ: पहिल्या दिवशी पाच ते सात मिनिटं, तेही फक्त कमरेपर्यंत. त्रास झाला नाही तर पुढे दहा. पंधराच्या वर त्यांनी जाऊ नये. पाणी ३८ ते ४० अंशांचं असेल तर सुखाचं वाटतं, ४२ च्या पुढे धडधाकट माणसालाही जड जातं. नुसत्या हाताने अंदाज चुकतो. पोहण्याच्या तलावात वापरतात तसा साधा थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो पिशवीत टाका.

मधुमेहाचा मुद्दा पायांचा आहे. बऱ्याच वर्षांचा मधुमेह असेल तर तळव्यांची संवेदना कमी झालेली असते आणि त्यांना पाणी 'कोमटच आहे' असं वाटतं. पाणी आधी तुम्ही तपासायचं, कोपराने. निघण्यापूर्वी घरी त्यांच्या तळव्यांना कापसाचा बोळा लावून बघा, डोळे मिटून स्पर्श कळतो का. न कळल्यास कुंडात पाय नको, काठावर बसून तांब्याने अंगावर घेतलेलं पाणी पुरे. मणिकरणला तर फरशीही जागोजागी तापलेली असते आणि गुरुद्वाऱ्यात अनवाणी जावं लागतं. तिथे त्यांना जाड सुती मोजे घालायला सांगा, आणि संध्याकाळी खोलीवर दोन्ही तळवे उजेडात तपासा. फोड आला असेल तर त्यांना तो जाणवलेलाच नसतो.

मधुमेहाच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड असेल तर रिकाम्या पोटी चालणं आणि वर गरम पाणी, यात साखर घसरू शकते. घाम, थरथर, चिडचिड ही लक्षणं गरम पाण्यात लपून जातात. खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोज ठेवा. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी असेल तर पाणी जास्त प्यायला लावा. जेवणानंतर दीड तास कुंड नको, उपाशीपोटी तर नकोच. दोन बिस्किटं आणि चहा झाल्यावर जी सकाळ उरते ती योग्य वेळ.

मणिकरणच्या गुरुद्वाऱ्यात गरम गुफा आहे, आत बसलं की घामाच्या धारा लागतात. बाबांनी तिथे बसू नये, डोकावून बाहेर यावं. आणि कुंडातून निघून थेट नदीच्या बर्फगार पाण्यात पाय घालायची फॅशन आहे, ती बीपीवाल्याने अजिबात करू नये. रक्तवाहिन्या एकदम आकसतात आणि बीपी उसळतं.

आईंच्या गुडघ्यांना शेकाने बरं वाटेल, तो आराम काही तासांचा असतो. गुडघा सुजलेला, लाल किंवा हाताला गरम लागत असेल त्या दिवशी कुंड नको, बर्फाने शेका. आराम वाटतोय म्हणून त्याच दुपारी पायऱ्या चढल्या की रात्री जास्त दुखतं.

मुलाबद्दल एकच, पण महत्त्वाचं. डुबकी मारायची नाही, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. कोमट गोड्या पाण्यात एक प्रकारचा अमीबा असू शकतो, तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. फार दुर्मीळ आहे, पण झाला तर जीवघेणा. पाणी पोटात गेल्याने होत नाही, नाकात गेल्याने होतो. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर तापतात, त्यामुळे त्याला पाच-सात मिनिटं पुरे. मणिकरणच्या उकळत्या कुंडाजवळ त्याचा हात सोडू नका. ६० अंशांचं पाणी पाच सेकंदांत कातडी भाजून काढतं, तिथलं पाणी त्याहून कितीतरी गरम आहे.

---

रामटेक_गडचढ्या

खीरगंगेबद्दल. ११ वर्षांचा मुलगा आठवड्यातून दोन-तीन दिवस मैदानावर खेळत असेल तर त्याला झेपेल. मोबाइलवरच असेल तर निघण्याआधी महिनाभर तयारी करून घ्या. नागपुरात चढ कुठे आहे म्हणाल, तर रामटेकच्या गडाच्या पायऱ्या सकाळी साडेसहाला, पाठीवर तीन किलोची सॅक घेऊन, न थांबता वर-खाली दोनदा. एवढं जमलं की पुरे. उतरण्याचा सराव जास्त महत्त्वाचा, मांड्या उतरतानाच भरून येतात.

मणिकरणहून बरशैणीपर्यंत गाडीरस्ता आहे, पंधराएक किलोमीटर. बस मोजक्या, शेअर टॅक्सी मिळते. तिथून चालायचं. बरशैणी साधारण २२०० मीटर, खीरगंगा २९६० च्या आसपास. म्हणजे साडेसातशे मीटरची चढाई, दहा-बारा किलोमीटर अंतर, मुलासोबत पाच ते सहा तास. वाटा मुख्यतः दोन. नकथान गावातून जाणारी वाट मोकळी आणि रहदारीची, अधेमधे चहा-मॅगीची दुकानं आहेत, रुद्रनागच्या धबधब्यापर्यंत चढ सौम्य. खरा चढ रुद्रनागनंतर जंगलात लागतो. कलगावरून जाणारी वाट सावलीची आणि सुंदर, पण फाटे फुटतात, पाऊस झाला की मुळांवरून पाय सरकतो, आणि चुकलेले लोक बहुतेक याच वाटेवर चुकतात. मुलाला घेऊन नकथानमार्गेच जा आणि त्याच वाटेने परत या.

घोटाळा होतो तो वेळेचा. लोक कसोलला दहाला उठतात, बरशैणीला साडेबाराला पोहोचतात आणि जंगलातला चढ संध्याकाळच्या पावसात चढतात. सकाळी आठला बरशैणी सोडायची. दुपारी दोनपर्यंत रुद्रनागच्या पुढे गेला नसाल तर मागे फिरा, उजेड असताना बरशैणी गाठता येईल.

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. खोऱ्यात पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी तीन हजार मीटरच्या आसपास झोपू नका. दोन रात्री कसोलला काढा, शक्य असल्यास तिसरी कलगा किंवा पुलग्याला, बरशैणीहून अर्ध्या-पाऊण तासाची चाल आहे, सफरचंदाच्या बागा आहेत. मग खीरगंगा. एवढ्या उंचीवर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं होऊ शकतं. डोकं दुखतंय आणि सोबत उलटी किंवा पायांत तोल नाही असं झालं तर रात्रीची वाट न पाहता खाली उतरायचं. बाम चोळत बसायचं नाही.

वर पोहोचल्याबरोबर कुंडात उडी मारायची नाही, मोह कितीही झाला तरी. चालून शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, वर गरम पाणी म्हणजे चक्कर. आधी अर्धा-पाऊण लिटर पाणी ओआरएस टाकून हळूहळू प्या, काहीतरी खा, घाम सुकू द्या. तासाभराने कुंड. बायकांसाठी आडोशाचं वेगळं कुंड आहे. साबण, शांपू चालत नाही, ते देवस्थान आहे. बाहेर आल्यावर दोन मिनिटांत कोरडे कपडे, टोपी, मोजे अंगावर हवेत. मणिकरणपेक्षा इथे सात-आठ अंशांनी गार असतं आणि ओल्या केसांनी वाऱ्यात फोटो काढणारे रात्रभर कुडकुडतात.

तंबूत राहायचं असेल तर बरशैणीलाच विचारून निघा. जंगलातल्या तंबूंवर २०१८ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने कारवाई झाली होती आणि नियम बदलत असतात. वर मोबाइलला भरवसा नाही आणि यूपीआय चालेल असं धरून चालू नका. सुटे पैसे न्या.

बूट नवे नकोत, महिनाभर वापरलेले, खाचांचे. जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि मांड्या सोलतात.

---

हिंगण्याचा_पोट्टा

राजेहो, एवढ्या दूर जाऊन राहिले तं मजेत जा, पण जवळचंबी इचारलं म्हणून सांगतो.

सालबर्डी हाय नं. काटोल, वरुड, मोर्शी असं गेलं का मोर्शीच्या पुढं आठ-दहा किलोमीटर, मध्यप्रदेशच्या सीमेवर, सातपुड्याच्या पायथ्याशी. पाणी कोमट हाय, उकळतं-बिकळतं नाही. एका दिवसात जाऊन येता येते. महाशिवरात्रीच्या यात्रेत मात्र नोका जाऊ, पाय ठेवाले जागा नसते.

दुसरं, अनहोनी. छिंदवाड्याहून तामियाकडून पचमढीले जातानी झिरप्याजवळ लागते. कुंड लहानसं हाय, तिथं मुक्काम करण्यासारखं काही नाही. पण तामिया, पातालकोट आन पचमढी असा तीन-चार दिवसांचा बेत केला तं वाटेतच होऊन जाते. पचमढी हजार मीटरच्या वर हाय, आईले हवाबी भेटन आन जिप्सीत बसून फिरताबी येते. तुमच्या घरच्यांसाठी दुसरा पर्याय म्हणून हाच ठेवजा.

तिसरं उनकेश्वर, किनवट तालुक्यात पैनगंगेकाठी. गंधकाचं पाणी, कातडीच्या आजाराचे लोक जातात. डोंगराची हौस तिथं नाही भागत.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या, हे सगळं डिसेंबर-जानेवारीतलं काम हाय. जूनमधी इकडं नळालेच गरम पाणी येते, त्यासाठी सालबर्डीले जाऊन काय करता?

आन कसोलमधी पोट्ट्यायले कोणी 'क्रीम पाहिजे का' म्हणून इचारलं तं ते चेहऱ्याले लावाची नसते. चरस असते. जवळ सापडली का सरळ केस. रस्त्यात पोलीस पिशव्या तपासतात, दुसऱ्याचं पार्सल कोणाचंबी घेऊ नोका.

---

मनीषनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहेच, त्यामुळे डॉक्टरताईंचं उत्तर त्यांना वाचून दाखवलं. अजून दोन-तीन शंका. मणिकरणला कुंडात भात शिजवतात तो आपल्यालाही शिजवता येतो का? मुलगा त्यासाठीच हट्ट धरून बसलाय. दरडींचं जूनमध्ये किती भ्यायचं? आणि आई पायातली जोडवी-पैंजण घालून वशिष्ठच्या कुंडात उतरली तर चालेल ना?

---

देवदार_खालचा

भात शिजतो. लंगरचा भात, डाळ मोठमोठ्या भांड्यांत त्याच पाण्यात ठेवून शिजवतात. तुमच्यासाठी तिथेच तांदळाच्या आणि चण्याच्या पुरचुंड्या विकत मिळतात, दोरी बांधलेल्या. घरून न्यायचा असेल तर बारीक तांदूळ न्या, आपला एचएमटी चालेल. अर्धी वाटी तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवायचा, पातळ सुती कापडात बांधायचा, आणि पुरचुंडी अर्ध्याहून जास्त भरायची नाही. तांदूळ फुगून अडीच-तीन पट होतो. गच्च बांधली की बाहेरून गिचका आणि मधे कच्चा कणी राहतो, तक्रार नेमकी तीच असते. दोरी दोन हात लांब ठेवा आणि टोक कठड्याला बांधा. २० ते २५ मिनिटांत होतो. बाहेर काढल्यावर पुरचुंडी दोन मिनिटं लटकवून निथळू द्या, मुलाला लगेच हात लावू देऊ नका, आतल्या पाण्याने बोटं पोळतात. चणे रात्रभर भिजवलेले असले तरी त्याहून बराच वेळ घेतात. कुकरमध्ये वाफेच्या दाबाने १२० अंशांपर्यंत तापमान जातं, इथे ९४ च्या वर जाऊच शकत नाही.

दरडींचं म्हणाल तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात धोका जुलै-ऑगस्टइतका नसतो, पण शून्य नसतो. मणिकरणचं गाव उभ्या कड्याच्या पायथ्याशी आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये दरड थेट गुरुद्वाऱ्याच्या इमारतीवर आली होती. ३० मार्च २०२५ ला तर पावसाळा नव्हता, तरी गुरुद्वाऱ्याजवळ झाड कोसळून सहा जण गेले. जोराचा पाऊस किंवा वारा असेल त्या दिवशी मणिकरण टाळा, कसोललाच बसा. नदीकाठची खोली घेतलीत तर पाण्याच्या पातळीपासून निदान दोन मजले वर घ्या.

पार्वती नदीत उतरायचं नाही. पाणी घोट्याइतकं दिसतं तिथेही ओढ प्रचंड असते, दगड बुळबुळीत असतात आणि थंडीने दोन मिनिटांत पाय बधिर होतात. शिवाय बरशैणीजवळ पुलग्याला जलविद्युत प्रकल्पाचं धरण आहे. तिथून पाणी सोडलं की खाली पातळी एकाएकी वाढते. भोंगा वाजला की काय असेल ते टाकून वर यायचं. नदीत मधल्या दगडावर बसून फोटो काढायचा मुलाचा हट्ट झाला तर तो मात्र पुरवू नका.

---

ओपीडी_संपल्यावर

जोडव्यांचं मीच सांगते. वशिष्ठच्या पाण्यात गंधक आहे, चांदी काही मिनिटांतच काळी पडू लागते. सोन्याला तसं होत नाही, पण आर्टिफिशियल दागिने खराब होतात. खोलीवरच काढून ठेवा, कुंडाच्या काठावर काढून ठेवलेली चांदी हरवते. आईंना काढायची नसतील तर जोडव्यांवर वॉटरप्रूफ पट्टी गुंडाळा.

काळी पडलीच तर घासू नका, चांदी झिजते. नागपूरला आल्यावर भांड्यात तळाशी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल पसरा, चकचकीत बाजू वर. त्यावर चांदी अशी ठेवा की ती फॉइलला टेकेल. अर्धा लिटर कडक गरम पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून ओता. पाच-दहा मिनिटांत काळेपणा फॉइलकडे जातो, कुजक्या अंड्यासारखा वास येईल, खिडकी उघडी ठेवा. खडे किंवा मीना असलेल्या पैंजणांना हा उपाय करू नका, त्या सोनाराकडे द्या.

आणि कुंडातून आल्यावर साध्या पाण्याने अंग विसळून खोबरेल तेल लावा. गंधकाच्या पाण्याने कातडी कोरडी पडते, वर डोंगरातली हवा. मधुमेहात टाचांना भेगा पडल्या तर भरायला वेळ लागतो, बाबांच्या टाचांना रोज रात्री लावायचं, फक्त बोटांच्या बेचक्यांत तेल राहू द्यायचं नाही.

---

रामटेक_गडचढ्या

एक राहिलं. तुम्ही आणि मुलगा खीरगंगेला जाल त्या दिवशी आई-बाबांचं काय, ते आत्ताच ठरवा. त्यांना कसोलला नुसतं हॉटेलात ठेवण्यापेक्षा टॅक्सी दिवसभरासाठी करून बरशैणीच्या पुढच्या तोष गावापर्यंत नेऊन आणा. गाडी गावाच्या तोंडापर्यंत जाते, पुढे गावात चढ आहे. तो न चढता तिथल्याच एखाद्या गच्चीवर बसून दरी आणि बर्फाची शिखरं दिसतात. तुम्हाला बरशैणीला त्याच टॅक्सीने सोडता येईल, वाट एकच आहे. दुसऱ्या दिवशी उतरून यायची वेळ ठरवताना ड्रायव्हरला दुपारी चार सांगा आणि मनात सहा धरा. वर फोन लागत नाही, त्यामुळे 'सहापर्यंत आलो नाही तर काळजी नको, सातनंतर बरशैणीच्या टॅक्सी स्टँडवर विचारा' एवढं कागदावर लिहून बाबांकडे देऊन ठेवा. वहिनी आई-बाबांसोबत थांबणार असतील तर गोळ्यांचा डबा आणि ग्लुकोज त्यांच्याकडे ठेवा, तुमच्या सॅकमध्ये नको.

वशिष्ठला गेल्यावर मुलाला जोगिनी धबधब्यापर्यंत न्या. गावातूनच पायवाट निघते, तासाभराची आहे. सकाळी लवकर जाऊन या आणि मग कुंडावर जा. नऊनंतर मनालीतल्या गाड्या यायला लागल्या की रांग लागते.

---

मनीषनगरकर

ठरलं. चंडीगडमार्गे, पार्वती खोऱ्यात पाच रात्री, वशिष्ठला तीन. वर झोपायचं नसेल तर एकाच दिवसात खीरगंगेला जाऊन येणं होतं का?

---

रामटेक_गडचढ्या

मोठ्यांना होतं, सकाळी सहाला बरशैणी सोडली तर. मुलासोबत नाही. जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर होतात, आणि मधे गरम पाण्यात बसलं की पाय परत चालायला तयार नसतात. वर राहायचं नसेल तर रुद्रनागपर्यंत जाऊन या. धबधबा आहे, मंदिर आहे, चढ कमी आहे, दुपारी तीनला परत बरशैणीत. कुंड वशिष्ठला आहेच.

---

हिंगण्याचा_पोट्टा

आन स्वेटर आत्ताच शोधून ठेवजा. एप्रिल-मे मधी नागपुरात स्वेटर कुठी भेटत नाही, तिबेटी लोकायचा बाजार हिवाळ्यातच लागते. नाही भेटलं तं भुंतरले उतरल्यावर घेजा, कसोलपेक्षा तिथं स्वस्त पडते.